एकाच कॉर्डला अनेक नावं का? आणि तिच्यावर कोणती स्केल वाजवायची?

गिटारवर डाव्या हाताचं एकही बोट न टेकवता सहाही तारा एकदम छेडल्या, तर येणारा झणकार बेसूर मुळीच नसतो. ती एक पुरती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, असते. तिचं नाव मोबाइलवरच्या कॉर्ड ओळखणाऱ्या ॲपला विचारलं, तर एक ॲप 'ई मायनर सेव्हन ॲड इलेव्हन' सांगू शकतं, दुसरं 'जी सिक्स नाइन' आणि तिसरं 'ए नाइन सस फोर'. शिकणारा इथेच अडखळतो, कारण नावं तीन आहेत आणि तिन्ही हिशेबाने बरोबर आहेत. मग पुढचा प्रश्न येतो. या कॉर्डवर धून वाजवायची तर सूर ई मायनरचे घ्यायचे, 'जी'चे की 'ए'चे?

कॉर्डला नाव देताना आपण तिच्यातला एक सूर उचलतो आणि म्हणतो, हा 'सा'. बाकीचे सूर त्याच्यापासून मोजले जातात, म्हणून 'सा' बदलला की नाव बदलतं. स्केल, म्हणजे धुनेसाठी घेतलेल्या सुरांची ओळ, शोधताना मात्र आधी सुरांकडे पाहायचं आणि नावाकडे नंतर. बहुतेक गोंधळ हा क्रम उलटा केल्यामुळे होतो.

## आधी मोजपट्टी

कीबोर्डवर कोणत्याही पट्टीपासून लगेच शेजारच्या पट्टीपर्यंत, काळी असो वा पांढरी, जे अंतर असतं त्याला अर्धस्वर म्हणतात. गिटारवर तेच अंतर एका फ्रेटचं, म्हणजे मानेवरच्या एका घराचं. एका सप्तकात असे १२ अर्धस्वर असतात. पाश्चात्त्य नावांत सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा आणि बी पांढरी सात. शार्प म्हणजे अर्धस्वर वर, फ्लॅट म्हणजे अर्धस्वर खाली, म्हणून सी शार्प किंवा डी फ्लॅट म्हणजे काळी एक.

कॉर्ड वाचायला सरगम फार उपयोगी पडते, कारण सरगम मुळातच 'सा'पासूनचं अंतर सांगते. 'सा'पासून अर्धस्वर मोजत गेलं, तर १ कोमल रे, २ शुद्ध रे, ३ कोमल ग, ४ शुद्ध ग, ५ शुद्ध म, ६ तीव्र म, ७ पंचम, ८ कोमल ध, ९ शुद्ध ध, १० कोमल नी आणि ११ शुद्ध नी. एवढे अकरा आकडे पाठ असले की पुढचं सगळं मोजणीचं काम आहे.

साधी मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. कॉर्डचा स्वभाव ठरवण्यात गंधाराचा वाटा सर्वांत मोठा असतो. पंचम फक्त आधार देतो, म्हणून बोटं कमी पडली की वादक आधी पंचम सोडतात.

## सेव्हन, नाइन, इलेव्हन: आकड्यांची भाषा

कॉर्डच्या नावातले आकडे अर्धस्वरांचे नसतात. ते मेजर स्केलमधले, म्हणजे बिलावल थाटातले क्रमांक असतात: सा १, रे २, ग ३, म ४, प ५, ध ६, नी ७. वरच्या सप्तकात रे ९ होतो, म ११ आणि ध १३.

इथे एक खोड आहे, ती एकदाच लक्षात ठेवावी. नुसतं 'सेव्हन' म्हटलं की कोमल नी. शुद्ध नी हवा असेल तर 'मेजर सेव्हन' म्हणावं लागतं. 'सी सेव्हन' आणि 'सी मेजर सेव्हन' यांत एकाच अर्धस्वराचा फरक आहे, पण गाण्यातलं त्यांचं काम पार वेगळं.

एकच सूर कधी २ म्हणायचा आणि कधी ९, यालाही नियम आहे. कॉर्डमध्ये नी असेल तर रे ९, म ११ आणि ध १३ म्हणवतात. नी नसेल तर 'ॲड नाइन', 'ॲड इलेव्हन' असं लिहितात, म्हणजे साध्या कॉर्डमध्ये वरून घातलेला सूर. 'नाइन'मध्ये नी गृहीत असतो, 'ॲड नाइन'मध्ये नसतो. नी आहे पण मधला रे गाळून थेट म आला, तर 'सेव्हन ॲड इलेव्हन'. 'सिक्स नाइन' हा नेहमीचा अपवाद, त्यात ध आणि रे दोन्ही असतात पण नी नसतो. गंधारच नसेल आणि त्याच्या जागी म वाजत असेल तर 'सस फोर'. तोच म गंधाराच्या सोबत वाजला तर ११.

शार्प आणि फ्लॅटचे वादही असेच सुटतात. मूळ पंचम वाजत असेल तर तीव्र 'म'ला 'शार्प इलेव्हन' म्हणायचं, पंचम नसेल तर 'फ्लॅट फाइव्ह' असू शकतो. मूळ पंचमासोबत कोमल ध आला तर 'फ्लॅट थर्टीन', पंचमाऐवजी आला तर बहुधा 'शार्प फाइव्ह'. आणि शुद्ध गंधार आधीच असताना कोमल गंधारही आला, तर एका कॉर्डला दोन गंधार द्यायचे नाहीत म्हणून त्याला 'शार्प नाइन' म्हणतात.

## अनोळखी कॉर्डला नाव देण्याची रीत

गिटारवर एक आकार धरा. जाड सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत: मोकळी, तिसरा फ्रेट, तिसरा, दुसरा, मोकळी, मोकळी. ई मेजरचा नेहमीचा आकार एक फ्रेट वर सरकवला आणि बाकीच्या तारा मोकळ्या सोडल्या की हा मिळतो. सूर आहेत ई, सी, एफ, ए, बी, ई.

पहिलं काम म्हणजे सर्वांत खालचा सूर वेगळा लिहून ठेवणं. इथे तो ई आहे. त्याला पुढे बेस म्हणू. दुसरं, पुन्हा आलेले सूर गाळणं. उरले पाच: ई, एफ, ए, बी, सी.

आता प्रत्येकाला पाळीपाळीने 'सा' मानून बाकीचे मोजायचे. ई 'सा' धरला तर एफ कोमल रे, ए शुद्ध म, बी पंचम आणि सी कोमल ध. गंधारच नाही, नाव लांबलचक होणार. बी धरला तर गंधार नाही आणि पंचमही नाही, तो सरळ बाद. सी धरला तर ग, म, ध, नी मिळतात, पण पंचम नाही आणि ग-म एकमेकांना खेटून उभे. ए धरला तर शुद्ध रे, कोमल ग, प, कोमल ध. हे नाव चालू शकतं: ए मायनर, वर रे आणि कोमल ध. एफ धरला तर शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध नी. गंधार आहे, पंचम आहे, नी आहे, आणि वेगळेपणा फक्त एका सुराचा.

म्हणून नाव: एफ मेजर सेव्हन शार्प इलेव्हन, बेसला ई. लिहिताना बेस तिरकी रेघ देऊन शेवटी टाकतात, म्हणून अशा कॉर्डला स्लॅश कॉर्ड म्हणतात.

निवडीचा निकष असा: ज्या 'सा'वरून गंधार आणि पंचम दोन्ही सापडतात आणि शार्प-फ्लॅटची शेपटी सर्वांत आखूड राहते, तो 'सा' आधी घ्यावा. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे बेसलाच 'सा' मानून मोजत बसणं. वरच्या उदाहरणात तसं केलं तर एका सुंदर कॉर्डला वाचवत नाही असं नाव मिळतं.

दुसरी चूक म्हणजे 'ए'वरून निघालेलं नाव पूर्ण विसरून जाणं. गाणं ए मायनरमध्ये असेल आणि ही कॉर्ड वाजल्यावर फक्त एफ उतरून ई होणार असेल, तर ऐकणाऱ्याला ती ए मायनरच वाटते, कोमल ध क्षणभर लटकून पंचमावर उतरलेला. सूर तेच राहिले, पण पुढची चाल बदलली आणि तिने नाव बदलायला लावलं.

## मग खरं नाव कोणतं?

मोकळ्या तारांकडे परत येऊ. सूर आहेत ई, ए, डी, जी, बी. 'जी'ला 'सा' धरलं तर मिळतात सा, रे, ग, प, ध. हे भूपाचे स्वर. 'ए'ला 'सा' धरलं तर सा, रे, म, प, कोमल नी, म्हणजे मधमाद सारंगाचे. 'बी' धरला तर मालकंसाचे, 'डी' धरला तर दुर्गेचे, 'ई' धरला तर धानीचे. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना ही मूर्च्छना ओळखीची आहे: स्वर जागचे हलवायचे नाहीत, 'सा' हलवायचा, आणि सगळं चित्र पालटतं. एकाच कॉर्डला अनेक नावं पडतात ती याच कारणाने. यात कॉर्डची लबाडी काही नाही.

मूर्च्छनेत 'सा' कुठे आहे हे तानपुरा सांगतो. कॉर्डच्या बाबतीत हे काम तिघं मिळून करतात. पहिला बेस. बेस गिटारवाला 'ए' धरून बसला असेल, तर तुमच्या मोकळ्या तारा 'ए नाइन सस फोर' झाल्या, तुम्ही काहीही म्हणा. दुसरी, मागची आणि पुढची कॉर्ड. 'ए सस'नंतर 'डी' येण्याची कान वाट पाहतो, 'जी सिक्स नाइन'वर गाणं निवांत संपू शकतं. तिसरं, गाण्याची पट्टी. तिघांचं एकमत असलं की नाव पक्कं. मत फुटलं, तर बेसचं आणि पुढच्या कॉर्डचं ऐकावं.

## ॲप कुठे फसतं?

ॲप एका क्षणाचे सूर मोजतं. पुढे काय येणार आहे ते त्याला माहीत नसतं, आणि नाव तर बरंचसं त्यावरच ठरतं.

शिवाय प्रत्येक तारेच्या आवाजात वरचे उपस्वर दडलेले असतात. मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट कंपनाचा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, आणि पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. खालची जाड तार जोरात छेडली की हे उपस्वर माइकला वेगळ्या सुरांसारखे ऐकू येऊ शकतात, आणि न वाजवलेला गंधार नावात शिरतो. उपाय सोपा आहे: तारा एकेक करून, हलक्या हाताने वाजवून सूर लिहून घ्या आणि मग मोजा. वाद्य आधी सुरात लावलेलं असावं हे सांगायला नकोच.

## स्केल शोधणं म्हणजे गाळलेल्या पायऱ्या बसवणं

स्केल म्हणजे धून बांधायला घेतलेले, चढत्या क्रमाने मांडलेले सूर. बहुतेक स्केल सात सुरांच्या असतात. कॉर्डने त्यातले चार-पाच आधीच दिलेले असतात. शिडीच्या काही पायऱ्या पक्क्या आहेत, मधल्या बसवायच्या आहेत, असं समजा.

मगाचाच ई मेजरचा आकार आता दोन फ्रेट वर सरकवा: मोकळी, चौथा, चौथा, तिसरा, मोकळी, मोकळी. सूर: ई, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, बी, ई. मोजणी केली की 'सा' एफ शार्प निघतो, आणि कॉर्ड ठरते सा, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल नी. नाव: एफ शार्प सेव्हन ॲड इलेव्हन, बेसला ई.

चढत्या क्रमाने पायऱ्यांमधली अंतरं पाहा. सा ते ग ४ अर्धस्वर, ग ते म १, म ते प २, प ते कोमल नी ३, कोमल नी ते सा २. एक आणि दोनच्या जागा ठीक आहेत. तीन आणि चारच्या जागांत प्रत्येकी एक पायरी हवी. म्हणजे एक रिषभ आणि एक धैवत.

रिषभ कोमल घ्या किंवा शुद्ध. धैवत कोमल घ्या किंवा शुद्ध. जागा दोन, पर्याय दोन-दोन, म्हणून चार स्केल. शुद्ध रे आणि शुद्ध ध घेतले की खमाज थाट होतो. शुद्ध रे, कोमल ध घेतले की चारुकेशीचे स्वर. कोमल रे, शुद्ध ध घेतले की अहिर भैरवाचे. दोन्ही कोमल घेतले की बसंत मुखारीचे. एका कॉर्डच्या पोटातून चार ओळखीचे स्वरसमूह निघतात, आणि हे शोधायला एकही इंग्रजी नाव लागलं नाही.

सा आणि ग यांच्यामध्ये कोमल गंधारही बसू शकला असता. तो सोडला, कारण मग कोमल ग, शुद्ध ग आणि म असे तीन सूर सलग अर्धस्वरांवर येतात. तीन सलग अर्धस्वर टाळावेत, हा स्केल निवडण्याचा नेहमीचा संकेत आहे. मात्र तो संकेतच आहे. तोडी थाटात तीव्र म, प, कोमल ध सलग येतात, आणि शुद्ध नी, सा, कोमल रे हेही. तोडीला त्यामुळे उणेपण आलेलं नाही. पहिल्यांदा शोधताना संकेत पाळा, पर्याय आटोक्यात राहतात.

आता चारांतून एक निवडायची. इथे गाण्याची पट्टी बोलते. गाणं बी मेजरमध्ये असेल तर त्यात जी शार्प आणि डी शार्प आहेत, म्हणजे एफ शार्पपासून शुद्ध रे आणि शुद्ध ध. खमाज थाट घ्या. गाणं बी मायनरमध्ये असेल तर जी आणि डी आहेत, म्हणजे दोन्ही कोमल. बसंत मुखारीचे स्वर घ्या. हेच स्वर 'बी'पासून मोजले तर किरवाणी होते, जिला पाश्चात्त्य संगीतात हार्मोनिक मायनर म्हणतात. चुकीचा धैवत घेतला तर या एका कॉर्डवर खटकेलच असं नाही, पण पुढच्या कॉर्डवर उतरताना घसरायला होतं.

आधीच्या एफ मेजर सेव्हन शार्प इलेव्हनवर हीच रीत चालवली, तर सलग तीन अर्धस्वरांचे पर्याय गळून दोनच उरतात: एफपासून कल्याण थाट, किंवा 'ए'ची किरवाणी.

काही कॉर्डना तर स्केल शोधावीच लागत नाही. रशियन संगीतकार स्क्रियाबिन (१८७२–१९१५) याने आपल्या उत्तरकाळात एक सहा सुरांची कॉर्ड फार वापरली. खालून वर सी, एफ शार्प, बी फ्लॅट, ई, ए, डी. तिला 'मिस्टिक कॉर्ड' म्हणतात आणि तिच्याभोवती गूढतेचं वलय आहे. मोजून पाहा: सा, तीव्र म, कोमल नी, ग, ध, रे. आजच्या भाषेत पंचम गाळलेली सी थर्टीन शार्प इलेव्हन. सहा सूर आधीच हजर आहेत आणि मोकळी जागा एकच, तीव्र म आणि ध यांच्यामध्ये. तिथे पंचम बसवला की कर्नाटक पद्धतीतल्या वाचस्पती मेळाचे स्वर पूर्ण होतात. पाश्चात्त्य जॅझवाले त्याच स्केलला लिडियन डॉमिनंट म्हणतात.

## दोन गंधारांची कॉर्ड

सेव्हन शार्प नाइन ही रॉक आणि ब्लूजमधली खास कॉर्ड. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या नावानेही ती ओळखली जाते. 'ई'वर धरायची तर पाचव्या तारेवर सातवा फ्रेट, चौथीवर सहावा, तिसरीवर सातवा, दुसरीवर आठवा. सूर: ई, जी शार्प, डी, जी. म्हणजे सा, शुद्ध ग, कोमल नी, आणि वर कोमल ग. खरखर येते ती दोन गंधारांमुळे.

पुस्तकात या कॉर्डचे पाच सूर दिलेले असतात, कारण पंचमही धरतात. या आकारात मात्र पंचम नाही, आणि त्यावर स्केल अवलंबून आहे. या कॉर्डसाठी नेहमी सुचवली जाणारी 'ऑल्टर्ड' स्केल म्हणजे सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. तिच्यात पंचम नाहीच. पियानोवाला डाव्या हाताने पंचम वाजवत असेल आणि तुम्ही वर कोमल धैवतावर थांबून राहिलात, तर तो सूर पंचमाला अर्धस्वराने घासतो. 'स्केल बरोबर आहे, तरी वाईट लागतंय' ही तक्रार पुष्कळदा इथून येते.

पंचम वाजत असेल तर दुसरी, आठ सुरांची स्केल आहे: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. अर्धा स्वर, पूर्ण स्वर, अर्धा, पूर्ण, असं आलटूनपालटून जाणारी. आणि कॉर्ड कुठेच जाणार नसेल, संपूर्ण गाणंच तिच्यावर उभं असेल, तर ब्लूजवाले साधी मायनर पेंटाटोनिक घेतात, म्हणजे धानीचे पाच स्वर. शुद्ध गंधार कॉर्डमध्ये आणि कोमल गंधार धुनेत, या ओढाताणीतच ब्लूजची चव आहे.

कॉर्ड पुढे जाणार असेल तर पुढच्या कॉर्डचा गंधार पाहावा. पुढे ए मायनर असेल तर तिचा गंधार सी, आणि तो ऑल्टर्डमध्ये आहे. पुढे ए मेजर असेल तर गंधार सी शार्प, आणि तो आठ सुरांच्या स्केलमध्ये आहे.

## चार सूर, पाच नावं आणि एकच स्केल

१८६५ साली म्युनिकमध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'त्रिस्तान उंड इझोल्ड' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. तिच्या सुरुवातीलाच एक कॉर्ड येते: एफ, बी, डी शार्प, जी शार्प. तिच्या नावावरून अभ्यासक आजही वाद घालतात. कीबोर्डवर पाहिलं तर ती साधी एफ हाफ डिमिनिश्ड आहे, म्हणजे सा, कोमल ग, तीव्र म, कोमल नी. पण तिथे जी शार्प चढून 'ए'वर जातो, आणि पुढच्या ई सेव्हनमध्ये खालचा एफ 'ई'वर उतरतो. म्हणून अनेकांच्या मते जी शार्प हा फक्त लटकवलेला सूर आहे आणि खरी कॉर्ड एफ, ए, बी, डी शार्प ही आहे. वाद सुरांचा नाहीच. कोणता सूर मुक्कामाचा आणि कोणता वाटेतला, याचा आहे.

हेच चार सूर जॅझमध्ये रोज भेटतात. सोयीसाठी त्यांना एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट म्हणू. एफ 'सा' धरला तर हाफ डिमिनिश्ड. ए फ्लॅट धरला तर ए फ्लॅट मायनर सिक्स. आता कॉर्डमध्ये नसलेला सूर 'सा' धरून पाहा, कारण मूळ सूर बेसवाल्यावर सोडून देण्याची पद्धत आहे. बेसला जी आला तर हेच सूर शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी, कोमल रे होतात: जी सेव्हन, फ्लॅट नाइन, शार्प फाइव्ह. बेसला डी फ्लॅट आला तर ग, प, कोमल नी, रे: डी फ्लॅट नाइन. बेसला बी फ्लॅट आला तर म, प, कोमल नी, कोमल रे: बी फ्लॅट सेव्हन सस, फ्लॅट नाइन.

नावं पाच झाली. स्केल एकच पुरते: ए फ्लॅट मेलॉडिक मायनर, म्हणजे ए फ्लॅट, बी फ्लॅट, बी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, जी. 'ए फ्लॅट'पासून हे पटदीपात लागणारे स्वर आहेत, एक गंधार कोमल, बाकी सगळे शुद्ध. 'डी फ्लॅट'पासून तेच वाचस्पती होतात आणि 'जी'पासून ऑल्टर्ड. पाच वेगळ्या स्केल पाठ करणाऱ्याने खरं तर एकच स्केल पाच ठिकाणांहून पाठ केलेली असते. नावाआधी सुरांकडे पाहायचं ते याचसाठी.

## डिमिनिश्ड आणि ऑगमेंटेड

डिमिनिश्ड सेव्हनमध्ये चारही सूर तीन-तीन अर्धस्वरांवर असतात. म्हणून कोणताही सूर 'सा' धरला तरी अंतरं तीच राहतात, आणि मोजून 'सा' सापडत नाही. आवाजाने वेगळ्या अशा डिमिनिश्ड सेव्हन कॉर्ड फक्त तीन आहेत. इथे शोधायची वेगळी खूण म्हणजे चारांपैकी एखाद्या सुराच्या अर्धस्वर खाली जाऊन पाहणं. बी, डी, एफ, ए फ्लॅट यांच्याखाली जी ठेवला की ती जी सेव्हन फ्लॅट नाइन होते, आणि मग पुढे 'सी' येण्याचा अर्थ लागतो. ऑगमेंटेडमध्ये तीन सूर चार-चार अर्धस्वरांवर, म्हणून वेगळ्या कॉर्ड चारच. तिच्यावर सर्व पायऱ्या दोन-दोन अर्धस्वरांच्या असलेली होल टोन स्केल चालते. अशा स्केल एकूण दोनच आहेत.

## थाट आणि स्केल एकच म्हणायचे का?

हा आक्षेप रास्त आहे. इथे थाटांची आणि रागांची नावं फक्त स्वरांचा संच सांगायला घेतली आहेत. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, आरोह-अवरोहात स्वर वगळले जातात. एफ शार्प सेव्हनवर ते सात सूर फिरवले म्हणून अहिर भैरव गायला असं होत नाही. पण ज्याच्या कानात अहिर भैरवाचे स्वर आधीच बसले आहेत, त्याला ती स्केल बोटांत यायला वेळ लागत नाही, आणि तो फायदा का सोडावा?

## स्केलमधला प्रत्येक सूर कधीही चालतो का?

नाही. कॉर्डमधल्या सुराच्या बरोबर एक अर्धस्वर वरचा सूर लांबवला की घासतो. सी मेजर सेव्हनवर एफ लांबवून पाहा: खालच्या 'ई'ला तो चावतो. वाटेत येऊन गेला तर कळतही नाही. म्हणूनच मेजर कॉर्डवर वादक शुद्ध मऐवजी तीव्र म पसंत करतात. मायनर कॉर्डमध्ये गंधार कोमल असल्याने म त्याच्यापासून दोन अर्धस्वर लांब पडतो. मोकळ्या तारांची ई मायनर सेव्हन ॲड इलेव्हन त्यामुळे मऊ लागते, आणि चौथ्या फ्रेटवरची एफ शार्प सेव्हन ॲड इलेव्हन झणझणीत. तिच्यात ए शार्प आणि बी शेजारच्या दोन तारांवर अर्धस्वराने खेटून वाजतात. तो घास हवा असेल तरच ती वापरावी, नको असेल तर दुसरी तार बोटाने बंद करावी.

## कानाला गोड लागलं तर नाव हवंच कशाला?

एकट्याने वाजवायचं असेल तर नाही दिलं तरी चालेल. पण सोबत बेसवाला आणि कीबोर्डवाला असेल, तर 'मोकळी, चौथा, चौथा, तिसरा' याचा कीबोर्डवाल्याला काही उपयोग नाही, आणि गाणं दुसऱ्या पट्टीत न्यायची वेळ आली की गिटारवाल्यालाही नाही. मोकळ्या तारा त्याच्यासोबत सरकत नाहीत. नाव असेल तर दुसऱ्या पट्टीतली तीच कॉर्ड दुसऱ्या आकारात शोधता येते.

नाव लिहिताना शास्त्रशुद्धतेपेक्षा वाचणाऱ्याचा वेग पाहावा. जी, एफ, ए, सी एवढे सूर हवे असतील तर 'जी नाइन सस फोर, पंचमाविना' हे बरोबरच आहे. पण 'एफ, बेसला जी' लिहिलं की कीबोर्डवाला उजव्या हाताने साधी एफ मेजर धरतो, डाव्याने जी, आणि तालात राहतो.